सॅन मारिनो: 34 हजारांच्या देशाची तीन ऑलिम्पिक मेडल्स आली कुठून?

5 ऑगस्ट 2021 ची दीपक पुनियाची कुस्ती आठवते का, टोकियो ऑलिम्पिकची, 86 किलो, ब्राँझसाठीची? शेवटची काही सेकंदं उरेपर्यंत दीपक 2-1 ने पुढे होता, मेडल हातात आलंच असं वाटत होतं, आणि समोरच्या सॅन मारिनोच्या पैलवानाने पाय धरला, पट काढला, पॉइंट घेतले आणि शेवटी 4-2 झालं. त्या रात्री आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदा सॅन मारिनो हे नाव सर्च केलं असणार. कुठला हा देश, असंच सगळे विचारत होते. पण तोवर त्या देशाला आठवड्याभरात मिळालेलं ते तिसरं मेडल होतं, आणि त्यामागे 61 वर्षं गेली होती.

तर सॅन मारिनो म्हणजे चहूबाजूंनी इटलीने वेढलेला, माउंट तितानो डोंगराच्या अंगाखांद्यावर वसलेला 61 चौरस किलोमीटरचा देश. लोकसंख्या साधारण 34 हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. ऑलिम्पिकला ते पहिल्यांदा गेले 1960 ला, रोमला, म्हणजे अगदी शेजारीच. 1964 ला टोकियोला मात्र टीम गेलीच नाही. त्यानंतर 1968 पासून प्रत्येक उन्हाळी ऑलिम्पिकला टीम पाठवली आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने परत आले.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वाटतो तो 1985 चा, ज्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या युरोपियन देशांसाठी वेगळी स्पर्धा सुरू झाली, गेम्स ऑफ द स्मॉल स्टेट्स ऑफ युरोप, आणि पहिली स्पर्धा भरवली कोणी तर सॅन मारिनोनेच. अँडोरा, सायप्रस, आइसलँड, लिख्टेनस्टाइन, लक्झेंबर्ग, माल्टा, मोनॅको, सगळे आपापल्या मापाचे. दर दोन वर्षांनी होते. नंतर 2001 आणि 2017 ला पण सॅन मारिनोने ती भरवली. एवढ्याशा देशातल्या खेळाडूला फायनल खेळायची, पोडियमवर उभं राहायची सवय इथे होते, नाहीतर जगाच्या मैदानात पहिल्याच राउंडला बाहेर पडून घरी, यातून कोण शिकणार काय?

आता अलेस्सांद्रा पेरिल्ली. शूटिंगमधली ट्रॅप खेळाडू, बहीण अरियान्ना पण ट्रॅपचीच. ट्रॅप म्हणजे समोरच्या खंदकातून मातीची चकती सुसाट उडते, डावीकडे का उजवीकडे का सरळ ते आधी कळत नाही, आणि ती लांब जायच्या आत शॉटगनने फोडायची. लंडन 2012 ला इटलीची जेसिका रोस्सी 100 पैकी 99 फोडून गोल्ड घेऊन गेली, तिच्याशी कोणाची बरोबरीच नव्हती, पण सिल्व्हर आणि ब्राँझसाठी तिघींचा स्कोअर सारखा, 93, त्यात पेरिल्ली एक. मग बरोबरी सोडवायला शूटऑफ, आणि त्या शूटऑफमध्ये ती तिसरी, म्हणजे एकूण चौथी. देशाचं पहिलं मेडल एका चकतीच्या अंतरावरून गेलं!! सिल्व्हर मिळालं स्लोव्हाकियाच्या झुझाना श्तेफेचेकोव्हाला.

नऊ वर्षांनी टोकियोत, 29 जुलै 2021, परत फायनल आणि परत समोर तीच श्तेफेचेकोव्हा, जिने क्वालिफायिंगमध्ये 125 पैकी 125 फोडले होते. पेरिल्ली तिसरी आली, ब्राँझ, सॅन मारिनोचं इतिहासातलं पहिलं ऑलिम्पिक मेडल. 2012 चा तो शूटऑफ माहीत असेल तर या ब्राँझचं मोल वेगळंच वाटतं, मला तरी वाटतं. दोनच दिवसांनी मिक्स्ड टीममध्ये जियान मार्को बेर्तीबरोबर सिल्व्हर, तेही स्पेनकडून 41-40 असं एका चकतीने हरून.

आणि तिसरं मायल्स अमीनचं, दीपकला हरवलं तो. हा मूळचा अमेरिकेतला, मिशिगनचा, कुस्तीही तिथल्याच युनिव्हर्सिटीत खेळला, पण आईकडून मूळ सॅन मारिनोचं. सॅन मारिनोतून पोटापाण्यासाठी बरीच माणसं डेट्रॉइटच्या भागात गेली होती, त्यांचीच ही पुढची पिढी. काही लोक म्हणतात बाहेरचा खेळाडू घेतला, मला ते पटत नाही, 34 हजारांच्या देशाची माणसं जर समुद्रापार गेली असतील तर त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी त्या झेंड्याखाली खेळण्यात चूक काय आहे? शिवाय तो काही अचानक उगवला नव्हता, टोकियोचा कोटा, म्हणजे ऑलिम्पिकचं तिकीट, त्याने 2019 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्येच मिळवला होता, त्याच गटात जिथे दीपकला सिल्व्हर मिळालं होतं.

टोकियोला त्यांचे एकूण खेळाडू होते पाच. पाचपैकी तिघांच्या गळ्यात मेडल.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. तेव्हा सगळीकडे छापून आलं की मेडल जिंकणारा आजवरचा सर्वात छोटा देश. उन्हाळी ऑलिम्पिकपुरतं ते बरोबर आहे. पण 1980 च्या हिवाळी ऑलिम्पिकला लिख्टेनस्टाइनच्या हान्नी वेंझेलने स्कीइंगमध्ये दोन गोल्ड आणि एक सिल्व्हर नेलं, तेव्हा त्या देशात जेमतेम पंचवीस हजारांच्या आसपास लोक होते, तिलाही तिचा मान द्यायला हवा.

2024 ला पॅरिसमध्ये सॅन मारिनोला मेडल मिळालं नाही, आणि पहिलं गोल्ड तर अजून यायचंय.