पैसे गेले कुठे, हे विचारणारं माणूस

मागच्या वर्षी मे महिन्यात एका रविवारी रात्री मी सहज म्हणून यूपीआयची हिस्ट्री उघडून बसले, आणि स्क्रोल करून करून अंगठा दुखायला लागला तरी महिना काही संपेना. ४० रुपये, १२०, ९९, परत ४०, २६०, मग कुठल्यातरी ॲपचे १४९ जे कधी चालू केलं तेच आठवेना. एकही आकडा बघून घाबरावं असा नव्हता. बेरीज मात्र घराच्या हप्त्याच्या निम्म्यापर्यंत गेली. नवरा शेजारीच होता, त्याला दाखवलं तर म्हणाला माझं नको बघूस. (नंतर बघितलंच.)

अशा वेळी आपण स्वतःला काय म्हणतो तर शिस्त नाही, हात सैल आहे. मलाही तसंच वाटायचं. पण मग मला आईचा संसार आठवला, यापेक्षा कितीतरी कमी पैशात चाललेला, आणि आई काही तपस्विनी वगैरे नव्हती, साडीच्या दुकानात शिरली की तिलाही भान राहायचं नाही. फरक एवढाच की तिच्या प्रत्येक खर्चाला कुणीतरी साक्षीदार असायचा. वाण्याकडे उधारीची वही, दुधाच्या खुणा कॅलेंडरवर, घरात आजी, आणि महिन्यातून एकदा भिशीच्या बायका. मी रात्री साडेअकराला अंथरुणात पडून खर्च करते, लाईट बंद, बघायला कुणी नाही. तर हा जो साक्षीदार गायब झालाय त्याने खरंच फरक पडतो का, यावर लोकांनी चक्क प्रयोग केलेत, आणि त्यातले काही फारच मजेशीर आहेत.

आधी पैसे देताना डोक्यात काय होतं ते बघू. २००७ साली ब्रायन नटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २६ जणांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून खरेदी करायला लावली, म्हणजे आधी वस्तू दाखवायची, मग किंमत, मग घेणार का नाही ते सांगायचं. वस्तू आवडली की मेंदूतला न्यूक्लियस अक्युम्बन्स नावाचा भाग जागा व्हायचा, हा बक्षिसाची चाहूल लागली की जागा होतो तोच. आणि किंमत जास्त वाटली की इन्सुला, जो वेदना आणि किळस यातही भाग घेतो (एवढंच त्याचं काम नाही, तो बऱ्याच गोष्टीत असतो). घेणार का नाही याचा अंदाज त्या माणसाने बटण दाबायच्या आधीच या हालचालींवरून बऱ्यापैकी बांधता येत होता. म्हणजे 'पैसे देताना जिवावर येतं' हे आपण नुसतं बोलायला म्हणून बोलत नाही.

आता ते जिवावर येणं कमी केलं तर? ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी एमआयटीच्या एमबीए विद्यार्थ्यांमध्ये बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांचा लिलाव लावला, चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचा. अर्ध्यांना सांगितलं रोख द्यावे लागतील, अर्ध्यांना सांगितलं क्रेडिट कार्डावर. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट! तीच तिकिटं, तसलीच पोरं. हा पेपर २००१ चा, म्हणजे यूपीआय यायला अजून १५ वर्षं होती. २०२१ मध्ये एमआयटीच्याच आणखी एका टीमने हे स्कॅनरमध्ये बघितलं आणि त्यांचं म्हणणं असं की कार्डाने ब्रेक सैल होतो असं आपल्याला वाटतं, पण मेंदूत एक्सिलरेटर दाबल्यासारखं दिसतं, बक्षिसवाला भागच जास्त पेटतो.

यूपीआय म्हणजे क्रेडिट कार्ड नव्हे, पैसे तिथल्या तिथे खात्यातून जातात. पण ५०० ची नोट मोडताना जो एक क्षण अडखळायला होतं तो स्कॅन करताना येत नाही हे ज्याने कधी भाजीवालीकडे सुट्टे मोजलेत त्याला वेगळं सांगायला नको.

आजीचा यावरचा उपाय म्हणजे डबे. डाळीच्या डब्यात लाईट बिलाचे, पोह्याच्या डब्यात पाहुण्यारावळ्यांचे, आणि देवघरातल्या तांब्यात हात घालायचा नाही म्हणजे नाही. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ च्या पेपरात याला मानसिक हिशोब म्हटलं, मूळ कल्पना अशी की पैशावर नाव लिहिलेलं नसतं तरी माणूस मनात नाव लिहून ठेवतो आणि ते नाव सहसा मोडत नाही, २०१७ साली त्याला नोबेल मिळालं ते या सगळ्या कामासाठी. दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी तर आपल्याकडच्या बांधकाम मजुरांना बचतीचे पैसे बंद पाकिटात घालून दिले, काहींच्या पाकिटावर त्यांच्याच मुलांचे फोटो. फोटोवाल्यांची बचत जास्त टिकली. पाकीट फाडायचं तर पोराच्या तोंडाकडे बघून फाडावं लागणार ना! मला हा प्रयोग फार आवडतो कारण इथे साक्षीदार खरा नाहीये, नुसता कागदावर छापलाय, तरी चालतो.

आता खऱ्या माणसांचं बघू. चिलीमध्ये फेलिपे कास्ट, स्टीफन मायर आणि डीना पोमेरान्झ यांनी छोटे धंदे करणाऱ्या २,६८७ लोकांवर प्रयोग केला, त्यात बहुतेक बायकाच. सगळ्यांना बचत खातं. काहींना नुसतं खातं, काहींना भरघोस व्याजाचं, म्हणजे साध्या खात्याला ०.३ टक्के तर यांना ५ टक्के. आणि काहींना खात्यासोबत गट, म्हणजे मी एवढे टाकणार हे सगळ्यांसमोर सांगायचं आणि बैठकीत टाकले का नाही ते सगळ्यांना कळणार. आपल्याला विचारलं तर आपण म्हणू व्याजवाले जिंकणार, हिशोबाने तेच शहाणपणाचं आहे. पण वाढीव व्याजाने बहुतेकांच्या वागण्यात काहीच फरक पडला नाही, आणि गटातल्या लोकांनी पैसे भरण्याचं प्रमाण साडेतीनपट झालं, खात्यातली सरासरी शिल्लक जवळजवळ दुप्पट.

मग त्यांनी अजून एक केलं जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बैठकच काढून टाकली. फक्त मोबाईलवर मेसेज, की ठरवल्याप्रमाणे जमलं का. परिणाम साधारण तेवढाच! म्हणजे गटात कुणी डोळे वटारावे लागतात, लाज काढावी लागते असं नाहीच, कुणीतरी नोंद ठेवतंय आणि ती आपल्यासमोर परत येणार आहे एवढंही पुरतं. हे बाकी ठिकाणीही जुळतं, वजन, व्यायाम असल्या विषयांवरचे १३८ अभ्यास एकत्र करून २०१६ साली एक आढावा आला होता, त्यातही हेच की प्रगती मोजत राहिलं तर ठरवलेलं गाठायची शक्यता वाढते आणि ती लिहून ठेवली किंवा दुसऱ्याला दाखवली तर अजून वाढते.

पण साक्षीदार कोण याने फरक पडतो का? तर पडतो, आणि हा प्रयोग आपल्या शेजारचाच, कर्नाटकातल्या ६० गावांमधला. एमिली ब्रेझा आणि अरुण चंद्रशेखर यांनी बचत करणाऱ्याला स्वतःचं उद्दिष्ट स्वतःच ठरवायला सांगितलं आणि गावातलाच एक माणूस त्याच्यावर लक्ष ठेवणारा म्हणून दिला, ज्याला दर पंधरवड्याला कळायचं की याचं कुठवर आलंय. सहा महिन्यांत अशा लोकांची एकूण बचत ३६ टक्क्यांनी वाढली. आणि लक्ष ठेवणारा जर गावात चार घरी उठबस असणारा असेल तर जास्तच. कारण सरळ आहे, त्याच्याकडून गावभर होतं. त्यांनी तेही मोजलं, लक्ष ठेवणाऱ्यांपैकी ६३ टक्के जणांनी ती माहिती दुसऱ्या कुणालातरी सांगितली होती! गॉसिपला इतकी चांगली आकडेवारी मी तरी कुठे वाचली नव्हती.

हे वाचल्यावर मला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आठवल्या. भिशी त्याच चालवतात. १२ जणी, महिन्याला २,००० प्रत्येकी, चिठ्ठी काढायची, निघेल तिला २४,०००. आता याचं गणित बघा. २४,००० चा फ्रीज घ्यायचा तर एकटीने साठवायला १२ महिने लागणार. भिशीत पहिल्या चिठ्ठीवालीला पहिल्याच महिन्यात, दुसरीला दुसऱ्या, असं करत सरासरी साडेसहा महिने, आणि शेवटच्या चिठ्ठीवालीला तेच १२. म्हणजे कुणाचंच वाईट झालं नाही आणि ११ जणींचं भलं झालं, हे अर्थशास्त्रातल्या लोकांनी १९९३ साली समीकरणं मांडून दाखवलंय. पण समीकरणात न बसणारी गोष्ट म्हणजे आमच्यात दोघी तिघी मुद्दाम शेवटचा नंबर मागून घेतात. व्याज शून्य, लवकर मिळायचा फायदा शून्य. मी विचारलं तर एकजण म्हणाली अगं लवकर मिळाले तर लवकर संपतात. तिला पैसे साठवायचे नव्हते, पैशांना स्वतःपासून लांब ठेवायचं होतं.

आणि दुसऱ्यांपासून पण. नैरोबीतल्या किबेरा या झोपडपट्टीत अँडरसन आणि बालांड यांनी अशा भिशींचा अभ्यास केला (तिथेही असतात, जगभर असतात, नावं वेगळी) आणि २००२ साली मांडलं की लग्न झालेल्या बायका भिशीत जातात त्यामागे एक मोठं कारण म्हणजे नवऱ्याच्या हातात पैसा पडू नये. केनियातच दुपा आणि रॉबिन्सन यांच्या प्रयोगात हेही दिसलं की पैसा आधीच कशासाठी तरी बांधलेला असला की मागायला आलेल्याला नाही म्हणणं सोपं जातं. आपल्याकडे 'अहो भावजी, दिले असते हो, पण या महिन्यात भिशीचा हप्ता आहे' हे वाक्य किती संसार वाचवून गेलंय याचा हिशोब कोण करणार.

म्हणून हिशोब विचारणारा आणि हिशोब मागणारा यात मी फरक करते. घरात एकाच्या हातात पासबुक आणि दुसरीला रिक्षाच्या २० रुपयांचाही जाब, याला आधार म्हणत नाहीत. कर्नाटकातही आकडा ज्याचा त्याने ठरवला होता, लक्ष ठेवणाऱ्याने नाही. नवराबायकोंबद्दलचं एक संशोधन मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे, गार्बिन्स्की आणि ग्लॅडस्टन यांना २०१९ मध्ये असं आढळलं की जॉइंट खात्यातून खर्च करताना माणूस चैनीपेक्षा उपयोगाच्या वस्तूंकडे जास्त झुकतो, कारण उद्या समोरच्याला कारण सांगावं लागेल असं त्याला वाटत असतं. आम्ही दोघांनी किराणा आणि बाहेरचं खाणं यासाठी एक जॉइंट खातं केलं, बाकी ज्याचं त्याचं. रात्रीच्या बिर्याण्या आपोआप कमी झाल्या.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर वाटेल माणसं जमवली की काम झालं. माणसंच खर्च वाढवतात पण. नेदरलँडमध्ये एक लॉटरी आहे ज्यात अख्खा पिनकोड जिंकतो, तिकीट घेतलेल्यांना पैसे आणि बीएमडब्ल्यू. संशोधकांनी बघितलं तर जिंकलेल्यांच्या शेजाऱ्यांनी, ज्यांना छदामही मिळाला नव्हता, नवीन गाड्या घ्यायचं प्रमाण वाढलेलं! सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्रयोग रोज चालू असतो. आणि नुसतं जाहीर करूनही भागत नाही. पीटर गोलविट्झरच्या २००९ च्या अभ्यासात असं दिसलं की चांगला वकील वगैरे व्हायचा संकल्प दुसऱ्याने ऐकून घेतला की माणूस उलट कमी मेहनत करतो, जणू सांगूनच अर्धं झालं. त्यामुळे गुढीपाडव्याला स्टेटस टाकून उपयोग नाही, दर आठवड्याला आकडा टाकावा लागतो.

आणि हो, भिशी ओळखीतलीच. दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या नादाला लागू नका, चिट फंडाचा १९८२ चा कायदा आहे, नोंदणी विचारा. आणि पगारच घरखर्चाला पुरत नसेल किंवा एका कर्जासाठी दुसरं काढायची वेळ आली असेल तर ते या असल्या गटाने सुटणारं दुखणं नाही, तिथे बँकेत जाऊन हप्ते बदलून घेण्याबद्दलच बोलावं लागतं.

तर जूनपासून आमचा चौघींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी, नाशिकची नणंद, ऑफिसातली एक मैत्रीण, आणि चौथ्या काकू, त्यांना मी कर्नाटकवाला पेपर वाचूनच घेतलं हे त्यांना सांगितलेलं नाही. पगार कुणी सांगायचा नाही. फक्त दोन आकडे, बाहेरचं खाणं आणि ऑनलाइन खरेदी, ज्याचं लक्ष्य त्याने ठरवायचं, रविवारी रात्री ९ च्या आत टाकायचं. सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारलेला चालतो. माझा ऑनलाइनचा आकडा आधीच्या साधारण निम्म्यावर आलाय, त्यात शनिवारी दुपारी काहीतरी कार्टमध्ये टाकते आणि मग काकूंचा डीपी डोळ्यासमोर येतो याचा वाटा मोठा.

परवाच्या रविवारी ९ ला पाच मिनिटं कमी असताना नणंदेचा मेसेज आला, बाहेरचं खाणं २,१००, पिंकीचा वाढदिवस धरून. दोन निळ्या टिका पडल्या. मग काकू टायपिंग, बराच वेळ टायपिंग, आणि आलं एवढंच: धरून का सोडून?