उष्णजलकुंडाची विद्युत् सुरक्षा

उष्णजलकुंडाची विद्युत् सुरक्षा : मूळ घरापासून सुट्या असलेल्या मांगरात (घरामागच्या शेडमध्ये), गॅरेजात किंवा बागेतल्या खोलीत बसविलेल्या, पंप व विद्युत् तापक असलेल्या स्नानकुंडाला वीज जोडताना घ्यावयाची काळजी. गोव्यात अशा कुंडाला सरसकट ‘जकूझी’ म्हणतात. मुळात हे कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एका इटालियन कुटुंबाचे आडनाव. त्यांच्या कंपनीने १९५६ च्या सुमारास टबात ठेवायचा पंप बाजारात आणला आणि नाव वस्तूला चिकटले. गोव्याच्या बारदेश तालुक्यातील आसगाव, शिवोली, हणजुणे या भागांत जुनी घरे पाहुण्यांसाठी सजविताना मागच्या मांगरात कुंड बसविण्याची प्रथा अलीकडची आहे.

जुन्या न्हाणीत भाणाखाली (पाणी तापविण्याच्या हंड्याखाली) चूल पेटते आणि पाणी तांब्याने अंगावर घेतात. कुंडात माणूस, तापक आणि पंपाचे फवारे एकाच पाण्याने जोडलेले असतात. कोरड्या कातडीचा रोध मोठा असतो, पण भिजलेल्या अंगाचा रोध झपाट्याने उतरतो व मुख्यतः शरीराच्या आतला रोध उरतो. म्हणून एरवी ५० व्होल्टपर्यंत सह्य मानलेला स्पर्शदाब (हात लागताच अंगावर येणारा विजेचा दाब) ओल्या जागी २५ आणि पाण्यात बसलेल्यासाठी १२ व्होल्टवर आणतात. पाण्यात मरण यायला हृदयाचे स्पंदन बिघडावेच लागते असे नाही. स्नायू आखडून माणूस पालथा पडला तरी पुरे.

भूसंपर्क (अर्थिंग) : गोव्यातील जोडकामाचा खरा पेच येथे आहे. बराच प्रदेश जांभ्याचा. पावसात तो पाणी धरतो, पण उन्हाळ्यात वाळून विजेला दाद देत नाही. समजा त्याची रोधकता ५०० ओहम-मीटर आहे. तर ४० मिमी. व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा एक नळ उभा पुरल्यास, आयएस ३०४३ या भारतीय मानकातील सूत्राने, भूसंपर्काचा रोध सु. १७५ ओहम येतो. कुंडाच्या पंपाची २३० व्होल्टची तार कवचाला टेकली, तर रोहित्राकडचा रोध सोडून दिला तरी जमिनीत जेमतेम १.३ अँपिअर प्रवाह जाईल. एवढ्याने ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहावर वीज तोडणारा स्विच) कधीच पडणार नाही, आणि कवच जवळजवळ पूर्ण दाबावर तसेच राहील. ‘अर्थिंग केले आहे’ या वाक्याचा अर्थ मांगरात इतकाच उरतो. मीठ-कोळशाचा खड्डा हा वायरमनचा आवडता उपाय. पण वर्षाला सु. ३,००० मिमी. पाऊस पडणाऱ्या प्रदेशात मीठ धुपून जाते आणि जाण्यापूर्वी जस्तलेपित नळाला गंजवते. बेंटोनाइट (ओलावा धरून ठेवणारी माती) भरणे किंवा दोन-तीन नळ अंतर ठेवून पुरून एकमेकांना जोडणे अधिक टिकाऊ. रोध मोजायचा तो मे महिन्यात. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा चांगला दिसतो, आणि कुंडे भरतात डिसेंबरनंतर.

भूसंपर्काची तार मांगरातच न्यूट्रलला जोडून टाकणे हा याहून घातक शॉर्टकट होय. वादळात माडाची झावळी वरच्या तारांवर पडून न्यूट्रल तुटला, की ती जोडणी कुंडाच्या प्रत्येक धातूच्या भागावर दाब आणून ठेवते. घराचा संरक्षक भूसंपर्क न्यूट्रलशी जोडलेला असेल तर तो बाहेरच्या कुंडापर्यंत नेऊ नये, मांगराला स्वतःचा द्यावा, हे ब्रिटनमध्ये रूढ असलेले मत गोव्याच्या उघड्या तारांना अधिक लागू पडते.

गळती-प्रवाह खंडक : वरील हिशेबामुळे संरक्षणाचा सगळा भार गळती होताच वीज तोडणाऱ्या या उपकरणावर येतो. फेज व न्यूट्रल एकाच वलयाकार गाभ्यातून जातात. जाणारा व परतणारा प्रवाह सारखे नसतील तर गाभ्यात चुंबकीय स्रोत उरतो व खंडक सुटतो. १७५ ओहमच्या भूसंपर्कावरही ३० मिलिअँपिअरचा खंडक कवचाचा दाब सु. ५ व्होल्टवर पोहोचताच वीज तोडतो.

या खंडकाच्या जनकत्वाबद्दल एकवाक्यता नाही. मूळ कल्पना बहुधा जर्मनीतील. आरडब्ल्यूई या वीजकंपनीच्या नावे १९२८ चे एकस्व (पेटंट) दाखविले जाते. पण त्या काळात प्रचारात होता तो दाबावर चालणारा खंडक. कवच आणि जमीन यांमधील दाब वाढला तरच तो सुटे, आणि माणसाने थेट तारेला हात लावला तर त्याला पत्ताही लागत नसे. आजचा ‘ईएलसीबी’ (अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर) हा बाजारातला शब्द त्याच पिढीचा. वस्तू मात्र आता वेगळी मिळते. प्रवाहभेदावर चालणाऱ्या व्यवहार्य खंडकाचे श्रेय ऑस्ट्रियाचे गॉटफ्रीड बीगेलमायर यांना युरोपीय लेखक देतात (१९५० चे दशक). दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी १९५५ च्या सुमारास सोन्याच्या खाणींसाठी असे उपकरण बनविले. अमेरिकी लेखक चार्ल्स डाल्झील (१९६१) यांच्यापासून सुरुवात करतात. हे तिघे बव्हंशी स्वतंत्रपणे तेथे पोहोचले असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. डाल्झील यांचे महत्त्वाचे काम निराळेच आहे : स्वयंसेवकांवर प्रयोग करून त्यांनी हाताची पकड सोडवता येण्याची मर्यादा ठरविली. पुरुषांत ती सरासरी सु. १६ व स्त्रियांत सु. १०.५ मिलिअँपिअर निघाली. यावरून अमेरिकेने सु. ५ मिलिअँपिअरची मर्यादा घेतली; युरोपने व पुढे भारताने हृदयाचे स्पंदन बिघडण्याचा निकष धरून ३० ची. कोरड्या घरात युरोपीय बाजू पटते. पाण्यात मात्र आखडलेला स्नायूच बुडवतो, तेव्हा डाल्झील यांचा मुद्दा सहज बाजूला सारता येत नाही. अर्थात ५ मिलिअँपिअरचा खंडक तापकाच्या नेहमीच्या गळतीनेही सुटण्याचा संभव असतो, आणि वारंवार पडणारा खंडक पावसाळ्यात कोणीतरी ‘बायपास’ करतोच.

पंपाला वेग-नियंत्रक असल्यास ‘एसी’ प्रकारचा (फक्त साध्या प्रत्यावर्ती गळतीला ओळखणारा) खंडक फसू शकतो. निदान ‘ए’ प्रकार (स्पंदित एकदिश गळतीही ओळखणारा) घ्यावा. घराच्या मुख्य खंडकाला थोडा विलंब असावा, म्हणजे मांगरातल्या दोषाने सगळे घर अंधारात जात नाही. चाचणीचे बटन केवळ खंडक तपासते. भूसंपर्क तुटलेला असला तरी ते ‘ठीक’ म्हणते.

मांडणी : आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तरणतलावांवरील भाग कुंडांनाही लावतात. पाण्याच्या आत शून्य क्षेत्र, काठापासून २ मी. पर्यंत पहिले व त्यापुढे १.५ मी. दुसरे. पहिल्या क्षेत्रात साधे सॉकेट नसावे. मांगर लहान असल्याने तो बहुधा पुरता पहिल्या क्षेत्रातच मोडतो. तेव्हा स्विच व पेटी दाराबाहेर, कुंडातून दिसेल पण हात पोहोचणार नाही अशी. ६ किलोवॉटचा तापक आणि पंप मिळून भार ३२ अँपिअरच्या आसपास जातो. घरापासून ३० मी. अंतराला ६ चौ. मिमी. तांब्याच्या केबलमध्ये सु. ६ व्होल्ट खर्ची पडतात. नळ, शिडी व पंपाचे कवच हे सर्व एका तारेने जोडून समविभव (एकाच दाबावर) ठेवावे. समुद्राकाठी या जोडांचे स्क्रू दरवर्षी उघडून पाहावे लागतात.