मॅकग्रेगर (स्कॉटिश आडनाव)

मॅकग्रेगर हे स्कॉटलंडच्या हायलँड या डोंगराळ भागातलं आडनाव आहे, आणि एके काळी हे नुसतं लावलं तरी कायद्याने फाशी होऊ शकत होती. बंदी कायमची उठायला पावणेदोनशे वर्षांच्या आसपास लागली.

मूळ घराणं अर्गाइलमधल्या ग्लेन ऑर्की आणि ग्लेन स्ट्रे या खोऱ्यांमधलं. मॅक म्हणजे मुलगा, त्यामुळे हे सगळे कुठल्यातरी ग्रेगरचे वंशज, एवढं सोपं आहे. घराण्याचं ब्रीदवाक्य म्हणतं आमचं रक्त राजाचं, आणि नातं थेट नवव्या शतकातल्या केनेथ मॅकअल्पिन राजापर्यंत नेतात, पण ती परंपरेतली गोष्ट आहे, कागद काही नाही. खरी भानगड जमिनीची होती. हे लोक पिढ्यानपिढ्या तिथे राहत होते पण सनदा गेल्या कॅम्पबेल घराण्याकडे, मग एकतर त्यांची कुळं म्हणून राहा नाहीतर तलवार काढा. गुरं पळवणं तर तेव्हा हायलँडमध्ये सगळेच करायचे, बदनाम मात्र हे जास्त झाले.

फेब्रुवारी 1603 मध्ये लॉक लोमंड सरोवराजवळ ग्लेन फ्रुइनला त्यांनी कोहून घराण्याची फार मोठी कत्तल केली आणि राजा सहावा जेम्स भडकला. 3 एप्रिलला प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, हे आडनावच रद्द केलं, जो लावेल त्याला मृत्युदंड, आणि त्यानंतर दोनच दिवसांत राजेसाहेब इंग्लंडची गादी घ्यायला लंडनला निघाले. पुढे चार जणांपेक्षा जास्त मॅकग्रेगर एकत्र जमायचे नाहीत, जवळ बाळगायची तर फक्त जेवणात मांस कापायला बिनटोकाची सुरी, असलेही हुकूम निघाले. म्होरक्या अॅलिस्टर मॅकग्रेगरला अर्गाइलच्या अर्लने (अर्ल म्हणजे सरदारकीचा किताब) शब्द दिलेला की तुला इंग्लंडात पोचवतो. पोचवलंही, बॉर्डर ओलांडली आणि तिथूनच उलटं फिरवून आणलं. जानेवारी 1604 मध्ये एडिनबर्गला त्याला फासावर चढवलं.

मग लोकांनी काय केलं, तर शेजारच्यांची, जमीनदारांची नावं घेतली. मरे, ड्रमंड, ग्रॅहम, स्ट्यूअर्ट, ग्रँट आणि चक्क कॅम्पबेलसुद्धा! 1661 ला बंदी उठली, 1693 ला परत आली, कायमची गेली ती 1774 च्या कायद्याने. प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर (1671–1734) याच काळातला, तोही कागदोपत्री आईचं कॅम्पबेल आडनाव वापरायचा. बॅलक्विडर गावी त्याची कबर आहे, तिच्यावर नंतर कोरलेल्या मजकुराचा अर्थ साधारण 'त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगरच' असा होतो.

बंदी उठल्यावर प्रमुख कोण हा प्रश्न आला, तेव्हा 826 जणांनी सह्या करून जॉन मरेला मान्यता दिली, जो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या नोकरीत होता. त्याचा मुलगा इव्हान याचा आपल्याकडेही संबंध येतो. फेब्रुवारी 1818 मध्ये इंग्रजांनी खानदेशातला थाळनेरचा किल्ला घेतला, तेव्हा दिंडी दरवाजातून आत शिरलेल्या अधिकाऱ्यांमध्ये लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे होता, तोच हा. आत गेल्यावर झटापट झाली, हा कट्यारींच्या वारांनी जबर जखमी झाला पण वाचला. किल्लेदार तुळशीराम मामाला मात्र इंग्रज सेनापती जनरल हिस्लॉपने फाशी दिली, त्यावरून नंतर इंग्लंडातही बरीच बोंब झाली आणि ती व्हायलाच हवी होती. इव्हानने 1822 मध्ये राजाची रीतसर परवानगी घेऊन मॅकग्रेगर नाव परत लावलं. त्याच वर्षी राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला तेव्हा स्कॉटलंडच्या राजमुकुटाच्या पहाऱ्याला हेच लोक होते, आणि घराण्याची संस्था क्लॅन ग्रेगर सोसायटीही त्याच वर्षीची.

सगळे काही जुन्या नावावर परत आले नाहीत. म्हणून ग्रेगरी, ग्रिअर, ब्लॅक, व्हाइट, किंग अशा आडनावांमधलीही काही घराणी स्वतःला मॅकग्रेगरच समजतात, पण नुसतं ब्लॅक आडनाव आहे म्हणून कोणी मॅकग्रेगर ठरत नाही, तेवढ्यासाठी त्या गावची चर्चची रजिस्टरं चाळावी लागतात.