इश्यूवरच्या लेबलांचं मूळ रकान्यांत

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर नवी रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या कोडची जागा, उघडली की तिच्यातल्या इश्यूंवर, म्हणजे तक्रारी-सूचनांच्या नोंदींवर, चिकटवायच्या लेबलांचा एक तयार संच हातात पडतो. बग, डुप्लिकेट, एन्हान्समेंट, इनव्हॅलिड, वोन्टफिक्स, हेल्प वॉन्टेड वगैरे. रोजच्या वापरामुळे ही यादी किती विजोड आहे हे लक्षात येत नाही. 'बग' (कोडमधला दोष) हा तक्रारीचा प्रकार आहे, 'वोन्टफिक्स' (दुरुस्त करणार नाही) हा तिच्यावरचा निकाल आहे आणि 'हेल्प वॉन्टेड' (मदत हवी) ही चक्क हाक आहे. तीन वेगळ्या रकान्यांतले शब्द एकाच टोपलीत पडलेत, कारण टोपलीच्या आधी खरोखरच रकाने होते.

डेबियन या लिनक्स-प्रणालीची बग-नोंद पद्धत 1994 पासूनची. तिचा सगळा कारभार ईमेलवर चाले, आणि अजूनही चालतो. तिथे प्रत्येक बगला गांभीर्याची पायरी असते: वर क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस आणि तळाला विशलिस्ट. वरच्या तीन पायऱ्यांवरचे बग नवी आवृत्ती अडवून धरतात, म्हणून पायरी कोणती यावर कडाक्याचे वाद होतात. 1998 मध्ये नेटस्केप ब्राउझरचा कोड सर्वांसाठी खुला झाला आणि त्यातून निघालेल्या मोझिला प्रकल्पाच्या कामासाठी टेरी वाइसमन यांनी बगझिला हे बग नोंदवण्याचं सॉफ्टवेअर लिहिलं, आधी टीसीएल भाषेत आणि मग पर्लमध्ये. बगझिलाचा फॉर्म म्हणजे सरकारी अर्जाचा सख्खा भाऊ. घटक, गांभीर्य, प्राधान्य, आणि बग बंद करताना कारण: फिक्स्ड, इनव्हॅलिड, वोन्टफिक्स, डुप्लिकेट, वर्क्सफॉरमी (माझ्याकडे तर चालतं). 'एन्हान्समेंट' तर गांभीर्याच्या रकान्यात बसवलं होतं. नवी सोय मागणं ही गंभीरतेची सर्वांत खालची पायरी! गिटहबच्या यादीतले हे शब्द कुठून ओळखीचे वाटतात, ते आता कळावं.

पण या अर्जात एक मोकळी जागाही होती, 'स्टेटस व्हाइटबोर्ड' नावाची. तिथे काहीही लिहावं. मोझिलाची मंडळी तिथे चौकटी कंसात 'गुड फर्स्ट बग' असं लिहू लागली, म्हणजे नवख्याला काम सापडेल. लिनक्सचे डेस्कटॉप बनवणाऱ्यांपैकी ग्नोमवाल्यांनी त्याच कामासाठी 'ग्नोम-लव्ह' हा कीवर्ड वापरला, केडीईवाल्यांनी 'ज्युनिअर जॉब' म्हटलं. माझ्या मते आजच्या लेबलाचा खरा पूर्वज गांभीर्याचा रकाना नसून हा फळा आहे. समासात मारलेली खूण आहे ती, अर्ज छापणाऱ्याने न कल्पिलेली.

जुलै 2006 मध्ये गूगलची प्रकल्प ठेवण्याची सेवा, गूगल कोड, आली. जीमेलने फोल्डरऐवजी लेबलांची सवय 2004 पासून लावलीच होती. गूगल कोडच्या इश्यूंवरही बहुतेक रकाने काढून लेबलं आली, पण ती 'टाइप-डिफेक्ट', 'प्रायॉरिटी-मीडियम' अशी जोडनावाची. रकाना गेला, त्याचं नाव मात्र लेबलाच्या पुढे चिकटून राहिलं. गिटहबने 2009 मध्ये इश्यू आणले तेव्हा ही चिकटपट्टीही नव्हती: लेबल म्हणजे नुसता शब्द. 2011 च्या दुसऱ्या आवृत्तीत माइलस्टोन (कामाचा टप्पा) आणि काम कुणाकडे याची नोंद आली. बाकी सगळं ज्याचं त्याने ठरवायचं.

लहान प्रकल्पाला ते पुरलं. मोठ्यांनी आपापले रकाने परत बांधायला घेतले. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पाने आद्याक्षरं लावली: ए म्हणजे कोडचा भाग, सी म्हणजे प्रकार, पी प्राधान्य, टी टीम, आणि 'ई-ईझी' म्हणजे सोपं काम. कुबरनेटीस या सर्व्हर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने तिरकी रेघ घेतली: 'काइंड/बग', 'प्रायॉरिटी/बॅकलॉग'. (शीर्षकं आणि विरामचिन्हांनी विषयाचे पैलू मांडण्याची ही युक्ती ग्रंथपालांना नवी नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचं कोलन वर्गीकरण 1933 चं. गिटहबसारख्याच गिटलॅबने 2019 मध्ये दोन कोलनांची लेबलं आणली तो योगायोगच, पण गमतीचा. त्या लेबलांत एका गटातलं एकच लेबल इश्यूवर टिकतं, म्हणजे अगदी रकान्यासारखं.)

दुसरी अडचण छाननीची, म्हणजे आलेले इश्यू वाचून त्यांना लेबलं लावण्याची. गिटहबवर बरीच वर्षं लेबल लावायला कोड बदलण्याचा अधिकार लागे. आवक नोंदवहीत शिक्का मारायचा तर तिजोरीची किल्लीही घ्या, असा प्रकार. फक्त छाननी करणाऱ्याची वेगळी भूमिका 2019 मध्ये आली. तोवर बॉटांनी, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमांनी, वाट काढली होती. कुबरनेटीसमध्ये प्रतिक्रियेत '/काइंड बग' या अर्थाची आज्ञा लिहिली की बॉट लेबल लावतो. हाच बॉट 90 दिवस कुणी फिरकलं नाही तर इश्यूवर 'स्टेल' (शिळा) चिकटवतो, आणखी 30 दिवसांनी 'रॉटन', म्हणजे शब्दशः कुजलेला, आणि त्यानंतर 30 दिवसांनी इश्यू बंद. ज्याने मन लावून बग कळवला त्याला 'कुजलेला' हा शेरा वाचून काय वाटत असेल, हा विचार नाव ठेवणाऱ्याने केलेला दिसत नाही.

2025 मध्ये गिटहबने संस्थांच्या खात्यांसाठी 'इश्यू टाइप' खुला केला. बग, फीचर, टास्क, आणि एका इश्यूला एकच. रकाना परत आला, पण जुनी लेबलं कुणी काढली नाहीत. एकाच इश्यूवर 'बग' हा प्रकार आणि त्याखाली 'बग' हे लाल लेबल, दोन्ही सुखाने नांदू शकतात.