नाव तेवढं बदललं

नोकरीसाठी अर्ज केला आणि उत्तर आलं नाही, तर ते का आलं नाही हे त्या माणसाला कधीच कळत नाही. जागा आधीच भरली असेल, अनुभव कमी पडला असेल, अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला असेल. रंगामुळे नाकारलं, नावामुळे नाकारलं, असं त्याला आतून वाटत राहतं, पण बोलून दाखवलं की समोरचा सहज म्हणतो, "तुझा गैरसमज झाला असेल." आणि एकट्या माणसाला तो खोडून काढता येत नाही. पूर्वग्रहाला लपायला याहून सोयीची जागा नाही.

त्या जागी उजेड पाडायची एक रीत गेल्या साठेक वर्षांत संशोधकांनी बसवली. शेतकरी दोन वाफ्यांत एकच बियाणं पेरतो, पाणी तेवढंच देतो, आणि एकाच वाफ्यात नवं खत घालतो. पिकात पडलेला फरक मग खताचाच. तीच ही रीत. अर्ज सारख्या तोलाचे ठेवायचे, नाव तेवढं बदलायचं. ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकात वंशभेदविरोधी कायदे होत होते, त्याच काळात अशा चाचण्या तिथे सुरू झाल्या.

यातला सगळ्यांत गाजलेला प्रयोग बॉस्टन आणि शिकागो या शहरांत 2001-02 मध्ये झाला. मारियान बर्ट्रांड आणि मूळचे तमिळनाडूचे सेंधिल मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रांतल्या 1,300 हून अधिक जाहिरातींना जवळपास 5,000 काल्पनिक बायोडेटा पाठवले. कोणत्या बायोडेटावर कोणतं नाव जाणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. काही नावं एमिली, ग्रेग अशी, म्हणजे ऐकताच गोरी वाटणारी. काही लकीशा, जमाल अशी, कृष्णवर्णीय कुटुंबांत ठेवली जाणारी. ती मनाला येतील तशी घेतलेली नव्हती, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या जन्मनोंदी चाळून निवडलेली होती. निरोप घेण्यासाठी फोन नंबर होते आणि पलीकडचा ध्वनिमुद्रित आवाजही त्या-त्या नावाला शोभेल असा ठेवला होता.

गोऱ्या वाटणाऱ्या नावांच्या 9.65 टक्के अर्जांना कॉल आला, कृष्णवर्णीय नावांच्या 6.45 टक्के. म्हणजे एमिलीला एका बोलावण्यासाठी साधारण 10 अर्ज करावे लागतात, लकीशाला 15. नुसतं नाव गोरं असण्याचा फायदा 8 वर्षांच्या जादा अनुभवाइतका निघाला.

पण मला या प्रयोगातला सर्वांत जिव्हारी लागणारा भाग वेगळाच वाटतो. संशोधकांनी काही बायोडेटा मुद्दाम सरस केले होते: जास्त अनुभव, जास्त कौशल्यं. सरस बायोडेटावर गोरं नाव असेल तर कॉल सुमारे 30 टक्क्यांनी वाढले. कृष्णवर्णीय नाव असेल तर वाढ फारच थोडी. "जरा जास्त मेहनत कर, आपोआप मान मिळेल" हा सल्ला घरोघरी दिला जातो, प्रेमापोटीच दिला जातो. इथे मेहनत केलेली कागदावर दिसत होती, पण नाव पाहिल्यावर तो कागद कोणी पुरता वाचतच नव्हता. शिवाय "आम्ही सर्वांना समान संधी देतो" असं जाहिरातीत छापणाऱ्या कंपन्यांचं वागणंही इतरांपेक्षा चांगलं नव्हतं.

ही गोष्ट अमेरिकेची म्हणून आपण निवांत बसायचं कारण नाही. अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी हीच रीत भारतातल्या खासगी नोकऱ्यांना लावली आणि 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या 548 जाहिराती, 4,808 अर्ज, शिक्षण तोडीस तोड, आडनावं वेगवेगळी. सवर्ण हिंदू नावाची मुलाखतीला बोलावलं जाण्याची संधी 1 धरली, तर दलित नावाची 0.67 आणि मुस्लिम नावाची 0.33 निघाली. "आडनाव काय?" हा आपल्याकडचा साधा, ओळखीचा प्रश्न. तो विचारला गेला की समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे येतं, ते मी अनेकदा पाहिलं आहे. थोरातांच्या आकड्यांत मला तो क्षणच दिसतो.

जात म्हणजे वंश नव्हे, हे इथेच सांगायला हवं. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली नाकाची रुंदी मोजून जातींना वांशिक पायऱ्या लावत होते. मुंबई विद्यापीठाचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी जमवलेली मोजमापं हाती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 मध्ये दाखवून दिलं की हे शास्त्र खरं मानायचं, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. पुढे 1972 मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांच्या अभ्यासातून हिशेब मांडला की माणसामाणसांतल्या जनुकीय विविधतेचा सुमारे 85 टक्के भाग एकेका लोकसमूहाच्या आतच असतो. वंश काय, जात काय, भेदाचं मूळ शरीरात सापडत नाही. ते पाहणाऱ्याच्या निर्णयात असतं. म्हणून दोन्हींचं मोजमाप एकाच प्रयोगाने होऊ शकतं.

मग ते निर्णयात शिरतं तरी कधी? याचं फार चांगलं उत्तर एका परीक्षेने दिलं. रीमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातल्या एका शहरात मुलांची बक्षीस परीक्षा घेतली, उत्तरपत्रिका शिक्षकांकडून तपासून घेतल्या आणि मुखपृष्ठावर वय, लिंग, जात ही माहिती चिठ्ठ्या टाकून भरली. पेपर एका मुलाचा, जात भलतीच. खालच्या मानलेल्या जातीची नोंद असलेल्या पेपरांना किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता, पण तो मुख्यतः सुरुवातीला तपासलेल्या पेपरांत होता. दहा-वीस पेपर हाताखालून गेले की काय चांगलं, काय सुमार, याचा अंदाज हाताला बसतो. तोवर शिक्षक चाचपडत असतो, आणि त्या चाचपडण्यातच पूर्वग्रह हात धरतो. हे खालच्या मानलेल्या जातींतल्या शिक्षकांकडूनच अधिक झालं, हेही त्या अभ्यासात आढळलं. मला तरी यातून एवढंच दिसतं की हा दुष्ट माणसं विरुद्ध सज्जन माणसं असा मामला नाही. हवेत जे असतं ते सगळ्यांच्याच छातीत जातं.

आपल्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. शाळेतल्या घटक चाचणीत मात्र नाव ठळक लिहिलेलं असतं, आणि तोंडी परीक्षेला तर मूलच समोर उभं. दहावीपर्यंत पोचण्याआधी मुलाच्या मनात स्वतःविषयीचं मत याच लहान परीक्षांतून तयार होतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात कोणी उच्चारली नाही तोवर दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी सारखीच होती. सगळ्यांसमोर नाव, गाव, जात मोठ्याने वाचली गेली आणि दलित मुलं मागे पडली. तीच मुलं, तीच बुद्धी, पेन्सिलही तीच.

पूर्वग्रह असा निर्णयाच्या क्षणी काम करत असेल, तर नुसती प्रबोधनाची व्याख्यानं अपुरी पडणार, आणि अभ्यासही तेच सांगतात. अमेरिकेतल्या 708 आस्थापनांच्या तीस वर्षांच्या नोंदी अ‍ॅलेक्झांड्रा कालेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी तपासल्या. व्यवस्थापकांसाठीच्या प्रशिक्षण शिबिरांनी वरच्या जागांवरचं चित्र जवळपास हललंच नाही. जिथे या कामासाठी नेमका एक माणूस किंवा समिती जबाबदार होती, त्यांना उत्तर द्यावं लागत होतं, तिथे ते सर्वांत जास्त हललं. मनातले सुप्त कल घालवणाऱ्या 9 उपायांची 6,000 हून अधिक विद्यार्थ्यांवर चाचणी झाली, तेव्हा त्यांचा परिणाम काही तासांत, फार तर काही दिवसांत विरून गेला.

अलीकडे 108 बड्या अमेरिकी कंपन्यांना 83,000 अर्ज पाठवून तोच जुना प्रयोग पुन्हा झाला. कृष्णवर्णीयांचे जे कॉल बुडाले, त्यांतले जवळपास निम्मे केवळ पाचव्या हिश्श्यातल्या कंपन्यांमुळे बुडाले. ही मला फार आशेची बाब वाटते. "सगळीकडे असंच चालतं" हे खरं नाही. शहर तेच, कायदा तोच, आणि तरी काही कंपन्यांच्या दाराशी हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. भरतीचं काम एका मध्यवर्ती विभागाकडे, ठरलेल्या पद्धतीने चालतं तिथे भेद कमी आढळला. प्रश्न आधी ठरवलेले, गुण कशाला किती हे आधी लिहिलेलं, नाव शेवटी पाहायचं. पुण्यात शिकायला येणाऱ्या ईशान्य भारतातल्या मुलामुलींना खोली देताना, कँपसवर निवड करताना, एवढं करणं कोणाला अवघड आहे?

आणि वस्तीत, गावात? तिथे अर्ज नसतात, मुखपृष्ठ नसतं. "एकत्र आणा, आपोआप जवळ येतील" हे म्हणणं अर्धंच खरं आहे, हे मॅट लो यांनी क्रिकेटच्या मैदानावर दाखवलं. उत्तर प्रदेशात 1,261 तरुण निवडून त्यांतल्या काहींच्या महिनाभराच्या स्पर्धा भरवल्या, बाकीच्यांना तुलनेसाठी ठेवलं. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र, कोण कुठे हे चिठ्ठीवर. एका संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातींत मैत्री वाढली, नंतर वस्तूंची देवाणघेवाण करतानाही जातीची अडचण कमी झाली. पण दुसऱ्या जातीच्या खेळाडूंशी जे मुख्यतः प्रतिस्पर्धी म्हणूनच भिडले, त्यांच्यात उलट दुरावा वाढला. मैदान एक असून भागत नाही, बाजू एक असावी लागते.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये अशा सहवासासाठी आणखी एक अट सांगितली होती: दर्जा बरोबरीचा हवा. ती अट किती मोलाची आहे हे पुण्याने त्याच्या पन्नास वर्षं आधी पाहिलं होतं. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. युरोपियनांच्या क्लबात ते मैदानाची निगा राखत आणि नेटमध्ये गोऱ्या साहेबांना गोलंदाजी करत. हिंदूंच्या संघाला साहेबांना हरवायचं होतं, म्हणून त्यांना संघात घेतलं गेलं. बाजू एक, ध्येय एक, बळी बाळूंचे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 100 हून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळालं नाही; ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आलं. आणि पुण्याच्या क्लबात चहाच्या सुट्टीत सहकारी आत बसून चिनीमातीच्या कपातून चहा घेत, तेव्हा बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात येई.