पानाचा दर आणि घरभाडे: अमेरिकी कोर्ट रिपोर्टरांच्या कमाईची पार्श्वभूमी

लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टाने 2023 साली नव्याने रुजू होणाऱ्या कोर्ट रिपोर्टरांना, म्हणजे न्यायालयातले बोलणे शब्दशः टिपून घेणाऱ्यांना, 50 हजार डॉलरपर्यंत बोनस देऊ केला. अमेरिकेच्या केंद्रीय कामगार आकडेवारीनुसार त्याच वर्षी कोर्ट रिपोर्टर आणि थेट कॅप्शन (पडद्यावर बोलण्याचा मजकूर) देणाऱ्यांची मध्यम वार्षिक कमाई सुमारे 64 हजार डॉलर होती. म्हणजे बोनस वर्षभराच्या कमाईच्या पाऊणपटीहून थोडा जास्त. तरीही माणसे मिळेनात आणि असलेली माणसे भागत नाही म्हणतात. ही अडचण आजची नाही. ती या कमाईच्या मूळ रचनेतच आहे.

ही कमाई पहिल्यापासून दोन ठिकाणांहून येते. संघीय (केंद्र सरकारच्या) न्यायालयांपुरते बोलायचे तर 1944 च्या कायद्याने रिपोर्टरला सरकारी पगार मिळू लागला. त्याआधी नोंद हवी असेल तर पक्षकारांनीच माणूस लावायचा आणि पैसे मोजायचे. पण पगार सुरू झाला तरी प्रतिलेखाची, म्हणजे टिपलेल्या नोंदीच्या लेखी प्रतीची, फी रिपोर्टरकडेच राहिली. वकिलाने नोंदीची प्रत मागवली की पानामागे पैसे मिळतात. बदल्यात साहित्याचा खर्च रिपोर्टरने स्वतःच्या खिशातून करायचा, असे तोच कायदा सांगतो. थोडक्यात, अर्धा नोकरदार, अर्धा धंदेवाईक. महागाईचा फटका अशा माणसाला दोन्ही बाजूंनी बसतो.

पगाराला निदान वाढीची काही रीत आहे. पानाचा दर मात्र कायद्याने किंवा न्यायिक परिषदेने ठरवायचा आणि मग वर्षानुवर्षे तिकडे कोणी पाहायचे नाही. संघीय न्यायालयांत साध्या, 30 दिवसांत द्यायच्या प्रतिलेखाचा कमाल दर 2007 साली पानामागे 3.65 डॉलर झाला. तो 4.40 वर गेला 2024 च्या ऑक्टोबरात. वाढ सुमारे 20 टक्के, आणि तेवढ्याच काळात देशातली महागाई सुमारे 50 टक्क्यांनी चढलेली. कॅलिफोर्नियाची गोष्ट याहून बिकट. तिथे राज्याच्या न्यायालयांत दर शब्दांवर मोजतात. 100 शब्दांना 85 सेंट हा दर सुमारे तीन दशके तसाच होता. 2021 साली तो 1.13 डॉलर केला, तोवर सर्वसाधारण किमती दुपटीहून वर गेल्या होत्या. त्या राज्याच्या किनारी शहरांतली घरभाडी तर कुठल्या कुठे पोहोचली होती.

इथे स्थानिक खर्चाचा मुद्दा येतो. संघीय नोकरांना 1994 पासून ठिकाणानुसार वाढीव वेतन मिळते, पण ते त्या भागातल्या खर्चावर बेतलेले नसते. तिथले इतर मालक तशाच कामाला किती पगार देतात, यावर ते ठरते. घरभाडे वाढले आणि पगार वाढले नाहीत, तर हा हिशेब भाड्याची दखलच घेत नाही. प्रत्यक्ष किमतींची तुलना करणारा अधिकृत प्रादेशिक निर्देशांक नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागला तो 2014 पासून. देशाची सरासरी 100 धरली तर 2022 साली कॅलिफोर्निया 112 च्या आसपास आणि आर्कान्सास 87 च्या आसपास होते. पगाराचा डॉलर आकड्याने तोच, पण एका राज्यातून दुसऱ्यात गेला की त्याचे मोल जवळपास चौथ्या हिश्श्याने बदलते. माझ्या मते नुसत्या पगारांच्या याद्या लावून राज्यांची तुलना करणाऱ्यांनी आधी हा निर्देशांक समोर ठेवावा.

माणसे कमी पडण्यामागे शिक्षणाचाही भाग आहे. वॉर्ड स्टोन आयर्लंड यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बनवलेल्या स्टेनोटाइपची, म्हणजे रिपोर्टरांच्या लघुलेखन यंत्राची, घडण आजही मूळचीच आहे: 22 कळा आणि अनेक कळा एकदम दाबून लिहायची पद्धत. राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी साक्षीचा मजकूर मिनिटाला 225 शब्दांच्या वेगाने घ्यावा लागतो. तिथवर पोहोचण्याआधीच बरेच विद्यार्थी गळतात. रिपोर्टरांच्या राष्ट्रीय संघटनेसाठी झालेल्या 2013-14 च्या पाहणीने 2018 पर्यंत सुमारे साडेपाच हजार माणसांचा तुटवडा पडेल, असे आधीच सांगून ठेवले होते. टंचाईने खासगी जबान्यांचे (न्यायालयाबाहेर घेतल्या जाणाऱ्या साक्षींचे) दर चढतात आणि अनुभवी रिपोर्टर न्यायालय सोडून तिकडे वळतात. न्यायालयाची तिजोरी या स्पर्धेत मागे पडते, म्हणून मग बोनस.

कॅप्शनरांची वाट निराळी. 1982 च्या ऑस्कर सोहळ्याला थेट कॅप्शन दिले गेले आणि न्यायालयातले हे कसब दूरचित्रवाणीवर आले. 1990 चा डिकोडर कायदा (टीव्ही संचातच कॅप्शन दाखवायची सोय हवी, असे सांगणारा), पाठोपाठ 1996 चा दूरसंचार कायदा आणि 2006 पासून जवळपास सर्व नव्या इंग्रजी कार्यक्रमांना कॅप्शनची सक्ती, यांनी मागणी एकदम फुगवली. हे काम तासावर चालते. पानांच्या विक्रीचा आधार त्याला नाही. शिवाय ते घरबसल्या होते, त्यामुळे न्यूयॉर्कच्या वाहिनीचे काम आर्कान्सासमध्ये बसून करता येते. स्वस्त गावातल्या कॅप्शनरला हे फायद्याचे. महागड्या शहरातल्याला मात्र त्याच दराशी टक्कर द्यावी लागते, आणि आता यंत्राने काढलेल्या कॅप्शनशीही.

2018 च्या वर्गीकरणात केंद्र सरकारने या दोघांना एकाच व्यवसायगटात बसवले आणि तो गट कायदा विभागातून काढून माध्यमांच्या विभागात नेला. त्यामुळे सुरुवातीला दिलेल्या 64 हजारांच्या आकड्यात न्यायालयातला पगारदार आणि तासावर काम करणारा कॅप्शनर दोघेही मिसळलेले आहेत. स्वतःचा धंदा करणारे या आकड्यामागच्या पाहणीत मोजलेच जात नाहीत.