आमचा घाणा मंगळवारी बंद का असतो?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. मंगळवारी शटर खाली बघून परत गेलेले ग्राहक बुधवारी आमच्यावर रागावतात, आणि त्यांचं बरोबर आहे. जुळे सोलापूरहून तेलाला यायचं आणि कुलूप बघून परतायचं, हा हेलपाटा कुणालाही नको असतो. म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

मंगळवारी आम्ही सुट्टी घेत नाही. त्या दिवशी फक्त विक्री आणि विक्रीसाठीचं गाळप बंद असतं. बाकीचे सहा दिवस घाणा आजच्या ग्राहकासाठी फिरतो. मंगळवारचं काम पुढच्या वर्षी तुम्हाला हेच तेल मिळावं म्हणून असतं. आमची चार माणसं. गिऱ्हाईक समोर उभं असताना पुढच्या वर्षाचा विचार होत नाही, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची गोष्ट. येईल ती ऑर्डर घेतली. घाण्यातून निघालेलं तेल एरवी स्टीलच्या पिंपात तीन दिवस स्वस्थ ठेवतो. गाळ तळाला बसतो आणि वरचं नितळ तेल बाटलीत जातं. त्या गर्दीत तीन दिवसांचा एक दिवस झाला. गाळासोबत ओलावा राहतो आणि ओलाव्यानं तेल लवकर खवट होतं. कार्तिकी एकादशीपर्यंत बाटल्या परत येऊ लागल्या. सगळ्या बदलून दिल्या, पण एका आजींनी बाटली उघडून आमच्या नाकाशी धरली, तो वास अजून आठवतो. त्यानंतरचे दोन-तीन महिने तक्रारी निस्तरण्यातच गेले आणि फेब्रुवारीत करडई खरेदीला जायला कुणी मोकळं नव्हतं. ती जूनमध्ये घेतली, चढ्या भावानं, आणि तीही किडकी. म्हणजे एका दिवाळीच्या विक्रीपायी पुढचं अख्खं वर्ष बिघडलं.

तेव्हापासून मंगळवार राखून ठेवला आहे.

मंगळवारी काय चालतं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये खरेदी. करडईची काढणी तेव्हाच असते. बोंडांचे काटे पहाटे दवानं नरम असतात, म्हणून हातानं कापणी करणारे मजूर उजाडायच्या आत रानात असतात. आम्हीही लवकर निघून मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातल्या शेतकऱ्यांकडे खळ्यावर जातो. मूठभर दाणे घेऊन दाताखाली फोडायचे. कट्कन फुटला तर वाळलेला, चेपला तर अजून ऊन हवं. ज्वारीत पट्टा टाकून किंवा बांधाकडेनं करडई घेणारे शेतकरी कमी होत चालले आहेत. काट्यांमुळे मजूर मिळत नाहीत, आणि हरभऱ्यात पैसा लवकर दिसतो. आम्ही दर वर्षी त्याच दारात गेलो, रोख पैसे दिले, तरच तो शेतकरी पुढच्या सप्टेंबरात करडई पेरायचं ठरवतो. हे फोनवर होत नाही.

दिवाळीनंतर शेंगदाण्याची पाळी. तिथं ओलाव्याची भीती जास्त, कारण ओल्या शेंगेला बुरशी धरते आणि तिच्यातलं विष डोळ्यांना दिसत नाही. असा माल कितीही स्वस्त मिळाला तरी आम्ही घेत नाही.

इतर मंगळवारी लाकडाची देखभाल. लाट, म्हणजे घाण्यात फिरून बिया चिरडणारा लाकडी दांडा, बाभळीची आहे; फिरून फिरून तिचं टोक झिजतं. ताजी पेंड मुठीत दाबून बघतो. बोटं जास्त तेलकट झाली, तर तेल पेंडीत राहतंय आणि सुताराला बोलवायची वेळ झाली. आणखी एक काम म्हणजे शिकवणं. पूर्वी घाणा एकाच माणसाच्या हातात होता. पाणी कधी आणि किती शिंपडायचं, घाणी (एका वेळी घाण्यात घातलेला माल) कधी उतरवायची, सगळं त्यालाच ठाऊक. तो गावच्या जत्रेला गेला की आठ दिवस गाळप ठप्प. आता दुसरा कामगार तयार झाला आहे. हा आमच्या लेखी नव्या मशीनपेक्षा मोठा फायदा.

दुसरा घाणा का नाही?

हा प्रश्न रोज येतो. 2020 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्पाला 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं, हे आम्हाला माहीत आहे. पण अनुदान यंत्राला मिळतं. त्या यंत्रात वर्षभर घालायच्या बियांचे पैसे आपणच उभे करायचे असतात. आमच्या घाण्यावर एक किलो तेलाला साधारण पावणेचार किलो करडई लागते. महिन्याला तीन लिटर वापरणाऱ्या घराला वर्षाला 36 लिटर, म्हणजे सुमारे 33 किलो तेल. त्यासाठी सव्वा क्विंटल करडई मार्चमध्येच घेऊन कोरड्या जागी ठेवावी लागते. साठ घरं धरली तर 75 क्विंटल. वर्षभराचे पैसे तीन आठवड्यांत बाहेर जातात आणि बाटली-बाटलीनं परत येतात. आधी गाळपाच्या बिया, मग माणूस, मग यंत्र, असा क्रम आम्ही ठरवला आहे. पेंडीचे पैसे रोजच्या खर्चात न घेता वेगळ्या खात्यात टाकतो. दुसरा घाणा त्यातून आणि थोड्या कर्जातून येईल.

याच कारणानं गेल्या वर्षी एका मोठ्या भोजनालयाची दरमहा 20 डब्यांची मागणी आम्ही नाकारली. पंधरा किलोचे 20 डबे म्हणजे 300 किलो, आमचं निम्म्याहून जास्त तेल, आणि पैसे 90 दिवसांनी. कायद्यानं छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, पण वसुलीसाठी फेऱ्या मारायला आमच्याकडे माणूस नाही. शिवाय त्यांना पुरवताना तुम्हाला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणावं लागलं असतं. ते आम्हाला नको होतं.

तुम्ही काय करू शकता?

वार्षिक नोंदणी करा. घरात महिन्याला किती करडई तेल आणि किती शेंगदाणा तेल लागतं ते सांगा आणि वर्षाच्या रकमेचा चौथा हिस्सा आगाऊ भरा. पावती मिळेल. नोंदणी केलेल्या घराला मार्चमध्ये ठरलेला दर पुढच्या फेब्रुवारीपर्यंत कायम राहील, मधे बाजार कितीही चढला तरी. बाजार उतरला तरी दर तोच राहील, हेही आधीच सांगतो. गाव सोडावं लागलं तर न उचललेल्या तेलाची रक्कम परत देऊ. नोंदणी गड्ड्याची यात्रा (सोलापुरातली सिद्धेश्वरांची जानेवारीतली जत्रा) संपेपर्यंत घेतो, कारण त्यानंतर आम्हाला खरेदीचा आकडा ठरवायचा असतो.

नोंदणी नसेल तर चार दिवस आधी कळवा. तीन दिवस तेल बसायला, एक दिवस भरायला. दिवाळीची ऑर्डर दसऱ्यापर्यंतच घेऊ.

लिटर आणि किलो यांत गल्लत होते, म्हणून एक गोष्ट: लिटरभर तेलाचं वजन साधारण 910 ते 920 ग्रॅम भरतं. दुसऱ्या दुकानाशी दर ताडताना माप तेच आहे ना, बघा. तळाशी पातळ साका दिसला तर घाबरू नका. वास खवट आला तर मात्र बाटली अर्धी संपलेली असली तरी घेऊन या, बदलून देऊ.

दुकान बुधवार ते सोमवार, सकाळी 9 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 8. मंगळवारी मागच्या दाराशी आवाज ऐकू आला तर आत या, लाट कशी तासतात ते बघायला. तेल मात्र बुधवारीच मिळेल.